बोटभर आकाश

१

सूर्याकडे सरळ पाहिलं की डोळे जातात, म्हणून चीनच्या राजधानीत, बियानजिंगच्या वेधशाळेत सूर्य परातीत पाहायची रीत होती. काशाची मोठी परात, तिच्यात तिळाचं तेल, तेलात दिव्याची काजळी कालवलेली. ती मनोऱ्याच्या गच्चीवर नेऊन ठेवली की सूर्य मुकाट्याने तिच्यात उतरायचा. मग शेजारी उकिडवं बसायचं आणि त्याच्यावर एखादा डाग, एखादं कडं, काही वावगं दिसतंय का ते पाहत राहायचं. दिसलं तर राज्यावर संकट. नाही दिसलं तर जेवायला मोकळे.

दुआन पेईच्या आजोबाने हेच केलं, बापाने हेच केलं. वेधशाळेच्या घराण्यात जन्मलेल्याला दुसरा धंदा करायची बंदी होती, आणि बाहेरच्या कुणी आकाशाचा अभ्यास केला तर त्याच्या पाठीवर वेताचे फटके पडायचे. त्यामुळे दुआनला सूर्याचा कितीही वीट आला तरी सूर्याला त्याच्याशिवाय आणि त्याला सूर्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पाळीला दोघे असायचे. एक वर गच्चीवर, दुसरा खाली जिन्याच्या दाराशी. वरचा पाहत असताना खालच्याने दाराला बाहेरून अडसर घालायचा, म्हणजे कुणी वर जाऊन त्याच्या कानाला लागू नये. नियम झकास होता. दुसरी एक वेधशाळा राजवाड्याच्या आत होती आणि दोन्हीकडची टिपणं रोज सम्राटाच्या दारात ताडून पाहायची, हाही नियम झकासच. प्रत्यक्षात दोन्हीकडची माणसं आधीच गुत्त्यात भेटून आकाशात काय दिसलं ते ठरवून घेत. सम्राटाला जुळणारी टिपणं हवी होती, त्याला जुळणारी टिपणं मिळत होती, आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं.

खालच्या दाराशी मेंग असायचा. गोल चेहऱ्याचा, खाण्याचा शौकीन, हसरा माणूस. दुआन उतरला की अडसर काढता काढता तो रोज तेच विचारायचा.

"काय रे, पडलं का आकाश?"

"तुझ्याच डोक्यावर पडणार होतं. म्हटलं, जेवण होऊ दे याचं."

मेंग खो खो हसायचा. दुआनही हसायचा. मेंगच्या त्या लठ्ठ मानेकडे पाहत हसायची कला त्याला दोन वर्षांत चांगली साधली होती.

२

सातवा महिना लागला होता. गल्लीबोळांत लोक मेलेल्यांसाठी कागद जाळत होते, उंबऱ्याबाहेर भाताचे वाडगे ठेवत होते. वारा पडलेला. असल्या दिवशी परातीतला सूर्य हलत नाही, पाहणाऱ्याला डुलकी लागते.

त्या दिवशी तेल थरथरलं.

दुआनने आधी स्वतःचा गुडघा परातीला लागलाय का ते पाहिलं. लागला नव्हता. तेलावर एक बारीक वळी उठली, कडेपर्यंत गेली, विरली. लगेच दुसरी. मग जरा थांबून पुन्हा दोन. त्याने फरशीवर तळवा टेकला. दगड तापलेला होता आणि शांत होता. खालच्या रस्त्याने लोखंडाच्या गाड्या जात असतील, त्याने स्वतःची समजूत घातली. मनोरा जुना आहे, पाया कालव्याजवळ आहे, एवढी थरथर व्हायचीच. पण गाड्या दोन पावलं टाकून दम खात नाहीत.

दिवस कलल्यावर त्याने मेंगला विचारलं, "खाली काही ठोकत होतास का तू?"

"मी? मी नुसता बसलो होतो. तेसुद्धा फार कष्टाने."

"ढोल ऐकलास कुठे?"

"ह्या महिन्यात ढोल कोण वाजवणार? भुतं?" मेंगने कमरेच्या फडक्यातून सारण भरलेला उंडा काढला, मोडून अर्धा त्याच्यापुढे धरला. "खा. उन्हात बसून डोकं फिरलंय तुझं."

दुआनने तो खाल्ला. उंडा चांगला होता, याचाही त्याला राग आला.

३

रागाचं कारण वेधशाळेत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं याची त्याने काळजी घेतली होती.

चिनी आकाश शेतासारखं वाटून दिलेलं आहे. अमुक ताऱ्यांच्या खाली अमुक प्रांत. वरच्या वाफ्यात अवचित तारा उगवला की खालच्या मुलखात काहीतरी जळतं. 'जाळं' नावाच्या वाफ्याखाली सम्राटाचा जुना मुलूख येतो, त्याच्याशेजारच्या 'पंख' नावाच्या वाफ्याखाली दक्षिणेचा छू प्रांत. आणि दोघांच्या बांधावर तीन मिणमिणते तारे आहेत, ते कुठल्याच प्रांताचे नाहीत. ते खुद्द वेधशाळेचे. आकाश पाहणाऱ्यांसाठी आकाशाने तेवढी जागा राखून ठेवली आहे.

दोन वर्षांपूर्वी वसंतात त्या तिघांत चौथा आला. पाहुणा तारा, तांबूस. पाहणारा दुआनच होता. त्याने धावत जाऊन वेधशाळेच्या प्रमुखाला, कुआंग साहेबांना, सांगितलं: संकट आपल्याच घरावर आहे.

कुआंग साहेब म्हणजे मृदू बोलणारा, पंखा हलवत चालणारा, पांढऱ्या दाढीचा माणूस. ते वर आले, निवांत पाहिलं, आणि म्हणाले, "पोरा, थंडीने तुझा हात कापलाय. बोटभर पलीकडे आहे तो. पंखात."

मग मेंग भाजलेलं बदक काखेत मारून राजवाड्यातल्या वेधशाळेत गेला आणि तिथल्या लोकांनीही तारा पंखातच पाहिला. दोन्ही टिपणं जुळली. छू प्रांतात बंड होणार, असं दरबाराने ठरवलं आणि बंड होण्याआधीच ते मोडायला फौज पाठवली.

फौज नदीकाठच्या लूपू गावाशी पोचली तेव्हा तिथे पाचव्या महिन्यातल्या होड्यांच्या शर्यतीची तालीम चालू होती. सगळे पुरुष काठावर जमलेले, हातात वल्ही, मधोमध ढोल. सरदाराला हवं ते आयतंच समोर दिसलं. त्याने वेशी बंद करून गाव पेटवलं. जे नदीत उडी टाकून निसटले, ते काठावरच्या भाल्यांना सापडले. प्रमुखांना बढती मिळाली. वेधशाळेत मेजवानी झाली, मेंगने तीत गाणं म्हटलं.

दुआनची थोरली बहीण लूपूला दिली होती. नवरा होड्यांवर ढोल बडवायचा. दोन ठोके आणि एक दम, दोन ठोके आणि एक दम, त्या दमात वल्ही पाण्यात पडतात. दुआन एकदा तिकडे गेला होता तेव्हा ताईने त्याला हौसेने होडीत बसवलं होतं आणि तो ओकला होता.

कुणाकडे दाद मागणार? ज्याच्याकडे मागायची त्यानेच सही केली होती. म्हणून दुआन गप्प बसला, रोज तेल ओतत राहिला आणि साहेबांची अन् मेंगची मान पाहत राहिला.

४

दुसऱ्या दिवशी तेल हललं नाही. दुआनला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडा हिरमोडही झाला. मग माध्यान्हीला त्याला परातीत सूर्याच्या अंगाला चिकटून तीन बारीक ठिपके दिसले.

काजळीच्या गुठळ्या, त्याने ठरवलं. काडीने तेल ढवळलं. तेल स्थिरावलं, ठिपके होते तिथे आले. त्याने तेल मलमलीतून गाळलं. ठिपके होते तिथे आले. मग सगळं तेल ओतून दिलं, परात राखेने घासली, नवं तेल घातलं. डोळ्यांसमोर हात धरून वर पाहिलं तर नुसतं पांढरं, भगभगीत आकाश. दिवसाढवळ्या सूर्याशेजारी तारे दिसत नाहीत हे वेधशाळेतल्या मांजरालाही कळतं. खाली पाहिलं तर तीन ठिपके.

दुआनला भीती वाटायच्या आधी हिशेब सुचला, शेवटी घराण्याचं रक्त. या महिन्यात सूर्य कुठे असतो? जाळं आणि पंख यांच्या बांधावर. तिथे कोणते तारे असतात? तो परातीवर आणखी वाकला. तिघांच्या मधोमध चौथा होता. तांबूस.

तारा गेलाच नव्हता तर. ज्या घरी आला होता, तिथे कुणी त्याला घेतला नाही, भलत्याच घरी धाडला. तिथलं आटपून तो पुन्हा मूळ पत्त्यावर आला होता.

"पडलं का आकाश?" मेंगने खाली विचारलं.

"नाही," दुआन म्हणाला. "पण शिडी लावलीय."

"शिडी काय! उद्यापासून टोपी घालून बस तू."

५

तिसऱ्या दिवशी गच्चीवर पाऊलखुणा होत्या. ओल्या, अनवाणी पायांच्या. कठड्यापासून परातीपर्यंत आलेल्या. फरशी इतकी तापली होती की थुंकी चुरचुरली असती, पण त्या खुणा वाळत नव्हत्या. दुआन त्या ओलांडून आपल्या जागी बसला. माळ्याने पाणी शिंपडलं असेल. गच्चीवर माळी कशाला येईल, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

तेल पुन्हा थरथरू लागलं. दोन ठोके, एक दम. आता ऐकूही येत होतं, पायाखालून, फार खोलातून, पाण्यात बुडवून वाजवल्यासारखं. आणि त्या दमात खसकन काहीतरी ओढल्याचा आवाज.

परातीत सूर्य होता, चार तारे होते, कडेला त्याच्या स्वतःच्या टोपीची सावली होती. त्या टोपीशेजारी दुसरं एक डोकं हळूच आत आलं. मग पलीकडून तिसरं. होडी सुटताना काठावरची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहतात तशी परातीच्या कडेने डोकी जमत गेली. उलट्या उन्हात चेहरे दिसत नव्हते. एकाचे केस एकाच बाजूला होते, दुसरीकडे नव्हते. जळकट आणि शेवाळी असा दोन्ही वास एकदम येत होता.

उन्हाने मेंदू शिजला की माणसाला काय काय दिसतं हे बापाने त्याला सांगितलं होतं. मागे वळून पाहिलं तर कुणी नसेल, हे त्याला जवळजवळ पटलं होतं. म्हणूनच तो वळला नाही. नसतील तर? या एका विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. दोन वर्षांत एवढं सुख त्याला कधी वाटलं नव्हतं, ते असं वळून घालवायला तो तयार नव्हता.

"थांबा," तो परातीतल्या डोक्यांना हळू आवाजात म्हणाला. "मी नव्हे. त्याला आणतो."

ढोल थांबला.

६

"सूर्याजवळ काहीतरी आहे, हुजूर. टिपणात काय लिहायचं ते आपणच पाहून सांगा."

कुआंग साहेब गुडघ्याला हात लावत जिना चढले. दाराशी दुआनने मेंगला सांगितलं, "तू जेवून घे. अडसराचं मी बघतो." जेवायचं म्हटल्यावर मेंगने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

साहेब परातीशी बसले, पंखा मिटला आणि पाहिलं. ते मूर्ख नव्हते. त्यांच्याइतकं आकाश जाणणारा माणूस राजधानीत नव्हता, दुआनला राग होता तो त्याचाच.

"तेल बदललंस?"

"रोज, हुजूर."

"मेंगला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"शहाणा आहेस." साहेबांनी घाम पुसला, आवाज पुन्हा लोण्यासारखा केला. "उन्हाने तुझी नजर हललीय, पोरा. बोटभर पलीकडे आहे तो. पंखात. तसं लिही, आणि मेंगला म्हणावं, बदक घेऊन जा."

"नीट पाहा, हुजूर. ते तीन तारे आपले आहेत."

"पंखात."

"पंखाखाली आता राहिलंय कोण?"

"प्रांत मोठा आहे," साहेब म्हणाले. "कुणी ना कुणी असेलच."

दुआनला वाटलं होतं की या क्षणी आपण ओरडू, त्यांच्या नरडीला हात घालू. तसं काही झालं नाही. त्याचा आवाज फार शांत निघाला.

"लूपूत कुणी नाही, हुजूर. लूपूचे सगळे इथे आलेत."

साहेबांनी हसायला तोंड उघडलं आणि परातीकडे पाहिलं. ते तोंड मग मिटलंच नाही. त्यांची नजर परातीच्या कडेने हळूहळू फिरत गेली, आणि पूर्ण फेरा होऊन परत आली. मिटलेला पंखा त्यांच्या हातातून तेलात पडला. तेल हललं, सूर्य फुटला, पण कडेचं काहीच फुटलं नाही.

"दुआन," ते कुजबुजले, "यांना सांग... यांना सांग, बोटभराचाच फरक होता."

"तुम्हीच सांगा," दुआन म्हणाला आणि जिना उतरला. ओल्या पायांनी त्याला बाजूला होऊन वाट दिली. त्याने मान खाली घातली होती, त्याला फक्त पायच दिसले. काही पायांना बोटं नव्हती.

७

अडसर घातल्यावर तो दाराला पाठ लावून उभा राहिला. समोर अंगणात ऊन होतं. पलीकडे मुदपाकखान्यात भांड्यांचा आवाज, हसणं, लसूण फोडणीला पडल्याचा वास.

आतून पावलं उतरत आली, एक पाय ओढत. दारावर टकटक झाली, अगदी सभ्यपणे.

"दुआन, दार उघड. माझा गुडघा दुखतोय."

दुआनने ताईचं नाव घेतलं. मोठ्याने, दाराकडे तोंड करून.

"पोरा, मी तुझ्या बापाला ओळखत होतो."

त्याने तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग तिच्या मुलांची, थोरलीपासून पाळण्यातल्यापर्यंत. प्रत्येक नावागणिक त्याला गोड वाटत होतं, जिभेवर गूळ ठेवल्यासारखं, आणि ते लपवायची आता गरज नव्हती. आत वर कुठेतरी ढोल सुरू झाला. दोन ठोके, दम. टकटक सोडून साहेब दारावर धडका देऊ लागले. मग त्या दमात पाण्यात वल्हं पडावं तसा आवाज झाला. पुढच्या दमात पुन्हा. त्यानंतर धडका थांबल्या. दाराच्या फटीखालून थोडं पाणी बाहेर आलं, काजळीने काळं झालेलं.

दुआन हसत होता. रडतही असेल, त्याच्या गालांवरून काहीतरी घरंगळत होतं.

"धाकल्या," दाराच्या आतून कुणीतरी म्हणालं. "तूच का?"

हा आवाज त्याने इतक्या वेळा मनात ऐकला होता की खरा ऐकल्यावर तो ओळखीचा वाटेना. जरा घोगरा झाला होता, धुरात बसल्यासारखा.

"मीच, ताई."

"इथलं झालं."

"हो, ताई. आता तुम्ही जा. निवांत व्हा."

आत नुसता पुष्कळ जणांचा श्वास चालू होता, दाराच्या लाकडाला अगदी लागून. त्या श्वासांत निघून जायची घाई मुळीच नव्हती.

"दुआन," अंगणापलीकडून मेंगने हाक मारली. तो मुदपाकखान्याच्या दारात वाडगा घेऊन उभा होता, उन्हात डोळे बारीक करून. "ये ना लेका. शेवया गार होतायत. तुझा वाटा काढून ठेवलाय."

"हा कोण?" दारामागून ताईने विचारलं.

दुआनने मेंगकडे पाहिलं. थंडीतल्या पाळीला मेंग स्वतःची गोधडी त्याच्या पायांवर टाकायचा. बदकाची पिशवी काखेत मारून शीळ घालत गेला होता तोही मेंगच. त्याच्यामागे मुदपाकखान्यात बाकीचे सगळे होते, लेखनिक, हमाल, म्हातारा आचारी. मेजवानी सगळ्यांनीच खाल्ली होती. 'तो कुणी नव्हे' एवढे तीन शब्द पुरले असते.

"तो इथलाच आहे," दुआन म्हणाला आणि अडसर काढला.

दार हळू उघडलं. तो भिंतीला चिकटून, डोळे मिटून उभा राहिला. गार, ओलं असं काहीतरी त्याला घासून जात राहिलं, एकामागून एक, अंगणाच्या दिशेने. कपड्यांतून ठिबकणारं पाणी त्याच्या पायांवर पडत होतं. मेंगची हाक अर्ध्यात तुटली. वाडगा फुटल्याचा आवाज आला.

शेवटी एक जण त्याच्यापाशी थांबली. तिने त्याचा कान धरला आणि पिळला, लहानपणी खोडी केली की ती पिळायची तसा, लाडाने. दुआनला हसू आलं. "पुरे, ताई, दुखतंय," तो म्हणाला.

"तूही इथलाच ना, धाकल्या?" तिने कान सोडला नाही. तसाच धरून ती त्याला दाराच्या आत ओढू लागली.